गावाचं नाव लावणारे जीव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कोकणात नवीन माणसाची ओळख झाली, की आपला दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "मूळ गाव कुठलं?" पुष्कळदा तो विचारावाही लागत नाही. आडनावच उत्तर देतं. राजापूरकर, चिपळूणकर, दापोलीकर. गावाच्या नावापुढे 'कर' लागला की माणसाचा पत्ता तयार. तो माणूस पुढे मुंबईला जावो नाहीतर अमेरिकेला, गाव त्याच्यामागून चालत राहतं.

आज मी तुम्हाला अशाच काही 'करां'ची ओळख करून देणार आहे. फक्त ही माणसं नाहीत. त्यांत एक गवत आहे, एक कांदा आहे, नखाएवढं एक पाणरोप आहे, एक बेडूक आहे, एक मासा आहे. यांच्या नावात आपल्या जिल्ह्याचं, आपल्या कोकणाचं, आपल्या नद्यांचं नाव आहे. आणि हे नाव कुणी गावकीत बसून दिलेलं नाही. ते जगभरच्या शास्त्राच्या दप्तरात नोंदलेलं आहे.

आधी ही नावं पडतात कशी, ते थोडक्यात पाहू. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ साली वनस्पतींसाठी आणि १७५८ साली प्राण्यांसाठी दोन शब्दी नावांची पद्धत रूढ केली. पहिला शब्द कुळीचा, म्हणजे प्रजातीचा. दुसरा शब्द त्या विशिष्ट जातीचा. हा दुसरा शब्द रंगावरून असेल, आकारावरून असेल, एखाद्या माणसाच्या सन्मानार्थ असेल, किंवा जिथे तो जीव पहिल्यांदा सापडला त्या जागेवरून असेल. जागेवरून नाव द्यायचं तर लॅटिनमध्ये 'एन्सिस' हा प्रत्यय लावतात. कोयनेचा तो 'कोयनाएन्सिस', कात्रजचा तो 'कात्रजेन्सिस'. म्हणजे आपला 'कर'च! फरक एवढाच, की लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. तो, ती आणि ते. त्यामुळे 'ते' असेल तिथे 'एन्सिस'चं 'एन्से' होतं. मराठी माणसाला हे समजायला मुळीच अवघड नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. रत्नागिरीच्या माणसाला सडा म्हणजे काय हे सांगायला नको. पण बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं विस्तीर्ण सपाट पठार. उन्हाळ्यात तिथे उभं राहिलं तर काळा, तापलेला कातळ आणि वाळक्या गवताच्या काड्या, एवढंच दिसतं. पाय भाजतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अशा जमिनीपुढे 'पोटखराबा' असा शेरा असतो. म्हणजे पिकाच्या हिशेबात हिचा उपयोग नाही.

पण याच सड्यावरच्या एका गवताचं नाव आहे 'ग्लायफोक्लोआ रत्नगिरिका'. कुलकर्णी आणि हेमाद्री या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी या गवताला रत्नागिरीचं नाव दिलं. पुढे १९८१ साली क्लेटन या गवततज्ज्ञाने अशा गवतांसाठी 'ग्लायफोक्लोआ' ही स्वतंत्र प्रजाती केली. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ साधारण 'कोरीव गवत' असा होतो, कारण या गवतांच्या फुलोऱ्यातल्या तुसांवर नक्षी कोरल्यासारखी दिसते. ही सगळी प्रजातीच आपल्या भारतीय द्वीपकल्पातली, जगात इतरत्र नाही. पावसात उगवायचं, पाऊस संपता संपता फुलायचं आणि दिवाळीनंतर वाळून जायचं, असं याचं आयुष्य. आपण त्याच्यावरून चालत जातो. गुरं ते खातात. आणि त्याच्या नावात रत्नागिरी आहे.

दुसरी ओळख दीपकाडीची. जून महिन्यात पहिले चार पाऊस झाले, की कातळाच्या खाचांतल्या चिमूटभर मातीतून हिची अरुंद पानं वर येतात आणि सरळ दांड्यावर पांढरीशुभ्र फुलं लागतात. थोड्याच दिवसांचा हा सोहळा. मग वर्षभर जमिनीखाली फक्त कांदा झोपलेला. १८५० साली निकोल डालझेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने हिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं 'युरोपेटॅलम कोंकनेन्से'. हा डालझेल मुंबई इलाख्यात नोकरीला होता. पुढे १८६१ साली गिब्सन यांच्याबरोबर त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथही लिहिला. नंतरच्या अभ्यासकांना वाटलं, हिचं कूळ वेगळं आहे. म्हणून आज तिचं नाव 'डिपकाडी कोंकनेन्से' असं आहे. बघा, पहिला शब्द बदलला, पण दुसरा राहिला. घर बदललं, गाव बदललं नाही. शास्त्राचा नियमच तसा आहे. कूळ चुकलं तर दुरुस्त करता येतं, पण एकदा रीतसर दिलेलं जातीचं नाव सहसा काढून घेता येत नाही.

राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे या गावच्या सड्यावर ही दीपकाडी फुलते. याच गावच्या कातळावर खोदलेलं शिल्पही आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. ज्या जमिनीला आपण पोटखराबा म्हणत होतो, तिच्यावर पूर्वजांनी चित्रं कोरली होती आणि निसर्गाने फुलं राखली होती.

डालझेलनेच नाव दिलेली आणखी एक वनस्पती सांगतो. कोथिंबिरीच्या कुळातली, पांढऱ्या फुलांच्या छत्र्या धरणारी. घाटमाथ्यावर पावसाळ्यात ती खूप दिसते. तिचं आजचं नाव 'पिंडा कोंकनेन्सिस'. यातला 'पिंडा' हा आपल्याकडचाच शब्द आणि 'कोंकन' तर आपलंच. म्हणजे पहिला शब्द मराठी, दुसराही मराठी. लॅटिनचा फक्त प्रत्यय! अलीकडे २०१६ साली पठारांवरच्या सरड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा संशोधकांनी नव्या प्रजातीला चक्क 'सरडा' हेच नाव दिलं. आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात त्या प्राण्याच्या चिठ्ठीवर मराठी शब्द लिहावा लागतो.

आता सगळ्यांत लहान, पण मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट.

सड्यावर पावसाळ्यात उथळ डबकी साचतात. त्यांत गुरं पाणी पितात, पोरं पाय आपटतात. या डबक्यांच्या काठाशी, चिखलात, दोन-तीन सेंटिमीटर उंचीचं, गवतासारखं दिसणारं एक रोप उगवतं. त्याला पाकळ्या नाहीत, रंग नाही, वास नाही. १९९४ साली श्रीरंग यादव आणि एम. के. जनार्थनम या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं 'ट्रायथुरिया कोंकणेन्सिस'. तोपर्यंत हे कूळ भारतात आहे हेच ठाऊक नव्हतं. याचे सगळे भाऊबंद ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये, आणि हा एकटा कोकणातल्या डबक्यात!

गोष्ट इथे संपली नाही. हे रोप दिसायला गवतासारखं, म्हणून त्याचं कूळ गवतांच्या जवळचं आहे असं मानलं जाई. २००७ साली या कुळाची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली आणि सगळे चकित झाले. गवताशी याचं नातंच नाही. हे कूळ निघालं कुमुदिनीचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या वॉटर लिलीचं नातेवाईक. आणि ही शाखा सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याशी फुटलेली. पृथ्वीवर फुलं कशी आली असतील, हा प्रश्न विचारणाऱ्या शास्त्रज्ञाला आता या क्षुल्लक दिसणाऱ्या कुळाकडे पाहावं लागतं. आणि त्यातला भारतातला एकमेव सभासद राहतो आपल्या सड्यावर, पावसाच्या डबक्यात.

तुम्ही म्हणाल, नावात गाव असलं की तो जीव फक्त त्या गावचाच असतो का? तसं मुळीच नाही. राजापूरकर आडनावाचा माणूस राजापुरातच राहतो असं थोडंच आहे? औषधी दुकानात शक्तिवर्धक म्हणून सफेद मुसळी विकली जाते. तिचं शास्त्रीय नाव 'क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम'. त्यातली 'बोरिव्हिली' म्हणजे आपली लोकलच्या स्टेशनाची बोरिवली! १९५० च्या दशकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी हे नाव दिलं. पण सफेद मुसळी गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातही होते आणि आता तिची शेती करतात. बोरिवली हे फक्त तिच्या ओळखपत्रावरचं गाव.

कधी कधी तर नावातलं गाव फसवंही असतं. 'बॉम्बेएन्सिस' नावाचा एक झुडपी बेडूक आहे. १९१९ साली ॲनंडेल यांनी नाव दिलं. तो सापडला कुठे? कॅसल रॉकला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात. तो मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून बेडूक मुंबईकर झाला. इलाखा गेला, राज्यं बदलली, बॉम्बेची मुंबई झाली. बेडूक मात्र 'बॉम्बेएन्सिस'च राहिला. याहून मोठी गंमत खुद्द लिनियसच्या हातून झाली. दीपकाडीच्याच कुळातल्या एका निळ्या फुलाच्या कांद्याला त्याने 'पेरुव्हियाना', म्हणजे पेरू देशाचा, असं नाव दिलं. तो कांदा आहे स्पेन, पोर्तुगाल, इटली या बाजूचा. दक्षिण अमेरिकेतल्या पेरूशी त्याचा संबंध नाही. तरी अडीचशेहून अधिक वर्षं तो पेरूकर म्हणूनच मिरवतोय.

उलटही होतं. जीव गावचा असतो, पण नावात गाव येत नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोरले गावी एक देवगांडूळ सापडलं. देवगांडूळ हे गांडूळ नव्हे. तो बेडकांच्या वर्गातला, पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर प्राणी. साप समजून लोक त्याला मारतात. २००३ साली या जातीचं वर्णन झालं आणि उभयचरांचे जुने अभ्यासक शेषाचार यांच्या सन्मानार्थ तिला 'शेषाचारी' नाव मिळालं. नावात दोरले नाही. पण मूळ नमुना कुठला, या रकान्यात दोरले गाव कायमचं लिहिलं गेलं. पुढे कुणालाही ही जात पारखायची असली, तर दोरल्याच्या नमुन्याशी ताडून पाहावी लागेल.

म्हणजे नावात गाव असो वा नसो, प्रत्येक जातीला एक जन्मगाव असतं. जातीचं वर्णन करताना एक नमुना जपून ठेवावा लागतो. वाळवलेली वनस्पती असेल तर ती पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहात राहते. प्राणी असेल तर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेत. नमुना तिथल्या कपाटात सुरक्षित असतो. पण तो जिथून उचलला ती जागा उघड्यावर असते. तिला कुलूप नसतं.

खरी काळजी इथे आहे. आपल्या राज्याच्या नकाशावर बोट फिरवून बघा. 'युफोर्बिया कात्रजेन्सिस' कात्रजची, 'युफोर्बिया खंडालेन्सिस' खंडाळ्याची, 'युफोर्बिया पाचगणीएन्सिस' पाचगणीची. ही नावं दिली तेव्हा कात्रज हा पुण्याबाहेरचा घाट होता, खंडाळा आणि पाचगणी ही निवांत थंड हवेची ठिकाणं होती. आज तिथे काय परिस्थिती आहे, हे मी सांगायला नको. १९६३ साली सोमण यांनी कोयनेच्या परिसरातल्या हुंबरळी गावच्या एका भेकाला 'कोयनाएन्सिस' नाव दिलं. ते भेक आजही आहे, आणि अभ्यासक त्याच्या शोधात कोयनेलाच जातात. पण जागाच उरली नाही, तर असं नाव पाटीसारखं होतं, बांधकाम झाल्यावर आत गेलेल्या जुन्या वाड्याच्या पाटीसारखं.

सड्यांवर आज काय चाललंय? चिऱ्याच्या खाणी आहेत. घर बांधायला चिरा लागतो, हे खरं. कातळ फोडून, माती आणून आंब्याची कलमं लावली जातात. त्यावर कित्येकांचा संसार चालतो, हेही खरं. रस्ते, इमारती, प्रकल्प येतात. मी या सगळ्याच्या विरोधात उभा राहायला आलेलो नाही. माझा मुद्दा साधा आहे. ज्या जमिनीत काहीच नाही असं समजून आपण ती देऊन टाकतो, तिथे काहीतरी आहे. आणि ते दुसरीकडे नेऊन लावता येत नाही. कातळातल्या खाचेत दोन बोटं माती, चार महिने पाणी, आठ महिने कोरडं ऊन, हा सगळा हिशेब जमला तरच दीपकाडी फुलते आणि ट्रायथुरिया उगवतं. बागेतल्या कुंडीत हा हिशेब कोण सांभाळणार?

आणि नावामुळे जागा वाचू शकते, याचं एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तिथे महादेवाचं देऊळ आणि देवळापुढे कुंड. या पाण्यात एक लहानसा मासा राहतो. २०२० साली संशोधकांनी तो नवी जात म्हणून जाहीर केला आणि नदीचंच नाव त्याला दिलं, 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्या ठिकाणचं २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. गावाने देवाच्या नावावर ते पाणी पिढ्यान् पिढ्या राखलं होतं. मासा त्याच्या आश्रयाने टिकला. आणि आता माशाच्या नावावर ते पाणी राखलं गेलं. २०२२ मध्ये त्याच बाजूच्या चौकुळ गावावरून एका चतुराला 'चौकुळेन्सिस' नाव मिळालं. आज जगातला चतुरांचा कुठलाही अभ्यासक चौकुळ हे नाव उच्चारतो. नीट उच्चारत नसेल कदाचित, पण उच्चारतो!

मग आपण काय करू शकतो? आपण सगळे शास्त्रज्ञ नाही. पण जैवविविधतेचा २००२ चा कायदा सांगतो, की प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी. आपल्या गावात ही वही आहे का, एवढं ग्रामसभेत विचारा. असेल तर उघडून पाहा. त्यात आंबा, काजू, फणस नक्की असतील. पण सडा आहे का? दीपकाडी आहे का? कुठल्या वाडीच्या वर, कुठल्या डबक्याजवळ, कधी फुलते, हे लिहिलंय का? हे लिहायला लॅटिन यावं लागत नाही. गुराख्याला ते ठाऊक असतं. गवत कापणाऱ्या बायांना ठाऊक असतं. शाळेतल्या मुलांना दाखवलं तर महिन्याभरात त्यांना ठाऊक होईल. पुढे सडा देण्याघेण्याचा प्रश्न आला, तर हातात एक कागद असेल, ज्यावर 'पोटखराबा' याखेरीजही काहीतरी लिहिलेलं असेल.

मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी गणपतीला गावी येतो, कारण आडनावात गाव आहे आणि त्या गावात घर आहे. सड्यावरच्या या 'करां'नी गाव कधी सोडलेलंच नाही. त्यांना मुंबईला खोली नाही, दुसरीकडे जमीन नाही. यंदा गणपतीला याल तेव्हा एक सकाळ सड्यावर जा. मुलांनाही बरोबर घ्या. खाली वाकून बघा. डबक्यात पाय घालण्याआधी तर नक्की बघा.